पारावरचे वाचक आणि आम्ही बातमीदार

बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, पण ती आणताना झालेले किस्से ऑफिसातच साचत राहतात! मालेगावच्या आमच्या पेपरच्या ऑफिसात आम्ही तिघं. मी, ज्येष्ठ बातमीदार गजाननभाऊ आणि किन्हीराजाहून स्कूटीवर येणारी शीतल. चहा आला की किस्सा निघतोच.

*

गजाननभाऊंनी जळजळीत लेख लिहिला, 'मोबाइलने गावचा पार मुका केला!' छापून आला त्या दिवशी भाऊ मुद्दाम एका गावच्या पारावर जाऊन बसले. सगळ्या म्हाताऱ्यांच्या माना मोबाइलमध्ये! भाऊ खूश. तेवढ्यात एका आजोबांनी मान वर केली.

"भाऊ, तुमचाच लेख वाचून राह्यलो. लय खरं लिहिलं!"

"पेपर कुठं आहे?"

"पेपर कायले? ग्रुपवर आला ना!"

*

शेतकरी मुलांना मुली का मिळत नाहीत, यावर शीतल मालिका लिहीत होती. एका घरी मुलाच्या वडिलांनी चहा पाजला, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. मग हळूच म्हणाले, "बाई, तुमचं कुठं जमलं काय?"

शीतल पटकन बोलून गेली, "नाही काका, पण मले नोकरीवालाच पाह्यजे!"

मालिकेचा मथळा तोच झाला.

*

लग्नातल्या डीजेवर मी कडक टीका केली. 'आवाज असा की घरावरचे पत्रे हादरले!' आठवड्याभरानं डीजेवाला दारात हजर. धिप्पाड गडी! मी खुर्ची मागं सरकवली. त्यानं खिशातून पेढ्यांचा बॉक्स काढला.

"तुमचं कात्रण गाडीवर मोठं करून लावलं सायेब. बुकिंग फुल!"

*

पहिल्यांदा एका गावात मुलींनी वडिलांना खांदा दिला, तेव्हा गजाननभाऊंनी ती बातमी पहिल्या पानावर घेतली होती. पुढं ती आतल्या पानावर गेली. परवा शीतलनं तशीच बातमी आणली, तर भाऊंनी निधनवार्तेत एक ओळ टाकली.

शीतल चिडली, "एवढीशी काहून?"

भाऊ म्हणाले, "पोरी, आता हे नवल नाही राह्यलं. बरं झालं बापा!"

*

आणि शेलूबाजारचा किस्सा. मुलं पळवणारी टोळी आल्याचा मेसेज सगळीकडे फिरत होता. भर दुपारी लोकांनी ब्लँकेट विकणाऱ्या दोघा परप्रांतीयांना घेरलं. एकाची कॉलर धरलेली, दुसरा हात जोडून उभा. पोलिसांना फोन झाला होता, पण ते पोचायचे होते. मी आणि शीतल तिथं पोचलो, मी कडेलाच थांबलो. शीतल मात्र गर्दीत घुसली आणि त्या दोघांपुढं उभी राहिली.

"लेकरू कोणाचं गेलं? नाव सांगा!"

कॉलर धरणारा ओरडला, "इथलं नाही, किन्हीराजाचं गेलं!"

"मी किन्हीराजाचीच हाये! थांबा."

तिनं आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, आपल्या गावातलं कोणाचं लेकरू गेलं काय वं?"

आई घाबरीघुबरी होऊन म्हणाली, "आपल्या गावातलं नाही वं! शेलूबाजारातलं गेलं म्हणतेत. तू तिकडं जाऊ नोको!"

मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळा रस्ताच हसायला लागला. कॉलर धरणाऱ्यानं हात सोडला, त्या माणसाचा शर्ट नीट केला, घसा खाकरला आणि विचारलं,

"भाऊ, त्या निळ्यात डबल बेडचं हाये काय?"