आतोबांची हलकी चांदी

शुद्ध चांदीचा मनापासून तिटकारा करणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच होता, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला. पस्तीस सालच्या आसपासची गोष्ट. आतोबा शाळेत भूगोल शिकवत. पण नकाशात इटली आली की वर्गाचा मुक्काम तिथेच. इटलीतल्या जुन्या, चिमुकल्या संस्थानांची हलकी नाणी हे त्यांचं वेड. तिथल्या ड्यूक लोकांना, म्हणजे छोट्या राजांना, लढाया फार आणि चांदी थोडी. म्हणून तांब्यात चिमूटभर चांदी मिसळायची, वरून पांढरी झळाळी आणायची, आपला मुखडा छापायचा आणि प्रजेच्या हातावर ठेवायची. अशी मूठभर नाणी आतोबांनी मुंबईच्या बंदरावर एका गोवेकर खलाशाकडून मिळवली होती, तीही सासऱ्यांनी लग्नात घातलेली अंगठी देऊन! पाहुण्याच्या पानात पुरणपोळी पडली की शेजारी ड्यूक पडायचा, आणि त्याच्या नाकाचं कौतुक केल्याशिवाय तूप मिळायचं नाही. माझ्या बहिणीच्या लग्नाचे पैंजण घ्यायला आम्ही सराफ बाजारात गेलो, तर यांनी विचारलं, "यात भेसळ किती?"

"देवाशप्पथ, जराही नाही!" सराफ म्हणाला.

"मग राहू द्या," म्हणून आतोबा उठलेच. त्यांना पायरीवरून ओढून आणावं लागलं.

एकदा दिवाळीच्या तोंडावर आत्याला वाटलं, नवऱ्याला खूश करावं. देवाची भांडी घासताना तिने ती नाणीही घेतली. चिंच, राख, काथ्या आणि माहेरचा सगळा जोर! आतोबा शाळेतून आले तेव्हा पाटावर सगळे ड्यूक तांबडेलाल होऊन चमकत होते. वरची चांदी मोरीतून वाहून गेली होती.

"बघा, केवढी मळली होती!" आत्या म्हणाली.

आतोबा मटकन खाली बसले. आत्याचा चेहरा उतरला. "काही चुकलं का हो?"

आतोबांचे खांदे गदगदू लागले. रडतायत असं वाटलं, तर हसत होते! "अगं, या लबाडांनी तीनशे वर्षं जगाला फसवलं. कुणाला त्यांचं बिंग फोडता आलं नाही. गोदे, तू दुपारच्या चहाआधी फोडलंस!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले. ते सगळं पाणी हसण्याचंच होतं का, हे कुणी विचारलं नाही.

आतोबा जाऊन आता बराच काळ झाला. त्या नाण्यांचं पुढे काय झालं, ते आत्याला धड आठवत नाही. "एरवी नुसतं 'अगं' म्हणायचे, त्या दिवशी चारचौघांत माझं नाव घेतलं रे त्यांनी," एवढंच ती सांगते, आणि पदर सारखा करत उगीचच आत निघून जाते.