आईंचा तोल

दिनेशचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या कार्यालयात दाखले लिहीत होते. "आई गेली," एवढंच तो म्हणाला आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "पडल्या?" नाही, पडल्या नव्हत्या. पहिली शिफ्ट करून तो धाटावच्या कारखान्यातून घरी आला, तर आई खुर्चीत बसलेल्या, चहा अर्धा प्यायलेला, मान जराशी कलंडलेली... झोपल्यात असंच त्याला आधी वाटलं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. सासू गेल्याचं कळल्यावर सून आधी हे विचारते, याची लाज अजून जात नाही. पण गेली दोन वर्षं रोह्याच्या आमच्या घरात तोच एक शब्द मुक्कामाला होता.

आई पेणच्या खाडीकाठच्या. जन्म मिठागरावर काम करण्यात गेला. मिठाची ओली टोपली डोक्यावर घ्यायची आणि वीतभर रुंद चिखलाच्या बांधावरून अनवाणी चालायचं, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूलाही पाणी. बांधावरून एकदाही पडले नाय, हे त्या कुणालाही, अगदी गॅसची टाकी आणणाऱ्यालाही सांगायच्या. सासरे गेल्यावर त्या गावच्या घरात एकट्याच राहिल्या. आमच्याकडे यायच्या त्या चार दिवसांसाठी, पाचव्या दिवशी पिशवी भरून दारात उभ्या. मग एका सकाळी परसात पाय सटकला, मनगट मोडलं आणि आम्ही त्यांना उचलून रोह्याला तिसऱ्या मजल्यावर आणलं.

मी लगेच कंबर कसली. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या, पायपुसणी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि दिवसातून वीस वेळा एकच मंत्र म्हणू लागले, आई, बसा. पाणी मी देते, बसा. कपडे मी वाळत घालते, बसा. आणि ती बाई, जिने आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, तिने माझं ऐकलं. मनगट बरं झालं तोवर पायांतला जोर गेला होता. सहा महिन्यांनी स्वयंपाकघरात, सपाट कोरड्या लादीवर, काही निमित्त नसताना त्या पडल्या. हाड मोडलं नाही, पण डोळ्यांत भीती बसली. त्यांना मी बसवून बसवून पाडलं, हे मला तपासायला आलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं. शब्द त्यांचे गोड होते, अर्थ हाच होता.

बाईंनी दिलेले व्यायाम आईंनी दोन दिवस केले आणि तिसऱ्या दिवशी, ही पोलिसांची कवायत मना नको, म्हणून सोडून दिले. आमचा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यापासून त्याचा व्हिडिओ गेम टीव्हीखाली धूळ खात पडला होता. त्याबरोबर पायाखाली घ्यायची एक पांढरी फळी होती. बाईंची नजर तिच्यावर गेली. फळीवर उभं राहून वजन इकडून तिकडे टाकलं की टीव्हीतला माणूस तसा हलतो, पडायची भीती असलेल्या म्हाताऱ्या माणसांना याचा उपयोग होतो, असं त्या म्हणाल्या. आईंनी फळीला हात लावून नमस्कार केला, पाटावर बसतात, उभं कसलं राहायचं, असं पुटपुटल्या आणि चढल्या. दोन्ही बाजूंना खुर्च्या, मागे मी हात पसरून.

खेळ होता अरुंद पुलावरून माणूस चालवण्याचा. चार पावलं झाली की तो माणूस धबाक्कन पाण्यात. आठवडाभर तो रोज बुडत होता आणि आई त्याला शिव्या घालत होत्या. एके दिवशी त्या चिडून खाली उतरल्या, जुन्या लुगड्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, वर भाजीची रिकामी टोपली घेतली आणि पुन्हा चढल्या. मी ओरडणार होते, पण बाईंनी मला हाताने थांबवलं. आईंची मान ताठ झाली, नजर समोर गेली, आणि टीव्हीतला माणूस पूल ओलांडून पलीकडे पोचला. "डोक्यावर कय नसला का मान खाली जाते गो," त्या मला म्हणाल्या, "नि पायाकडं बघणारा पडतोच." बाई हसत सुटल्या. इतके दिवस खाली बघू नका, खाली बघू नका म्हणून त्या घसा कोरडा करत होत्या, ते काम एका रिकाम्या टोपलीने केलं.

त्यानंतर आईंना वेडच लागलं. मी ऑफिसातून आले की आजचा निकाल आधी, चहा नंतर. बसल्या जागेवरून हात न टेकता उठणं, एका पायावर उभं राहणं, पायरी चढणं-उतरणं, सगळं आलं. पुढे टोपलीही लागेनाशी झाली. गणपतीच्या आधी बाईंनी त्यांना शेवटचं तपासलं आणि आता यांचं यांना चालू द्या, म्हणून सांगितलं. आईंनी त्याच संध्याकाळी गावी जायला पिशवी काढली.

मी म्हटलं, गणपती होऊ देत. गणपती झाल्यावर म्हटलं, पावसाचा चिखल सुकू दे. मग दिवाळी, मग थंडी. दरवेळी कारण खरंच असायचं, हीच गंमत. एकदा भात कालवता कालवता त्या थांबल्या. "तुजा तो टीव्ही मना रोज पास करतो," त्या म्हणाल्या. "तू कवा करशील गो?" मी हसून त्यांच्या पानात आमटी वाढली. आणि जानेवारीत त्या गेल्या. लोक म्हणाले, सुनेनं फुलासारखी जपली. ते ऐकताना मला तिथून उठून जावंसं वाटायचं. त्यांना जे एकच हवं होतं ते मी दिलं नव्हतं, आणि तेही त्या धडधाकट चालत असताना.

तेरावं झाल्यावर घर बघायला गावी गेले. दीड-दोन वर्षं बंद घर, जाळी-जळमटं असणार म्हणून झाडू, फडकी, फिनेल असं सगळं बरोबर नेलं होतं. कुलूप काढलं, तर लादी स्वच्छ. भांडी घासून उपडी घातलेली. दांडीवर आईंचं एक लुगडं वाळत पडलेलं, जे मी रोह्याच्या कपाटात शोधून शोधून दमले होते.

शेजारच्या अमिनाखाला कुंपणापाशी आल्या. त्यांचा मुलगा कतारला असतो, त्या इथे एकट्या. घर तुम्ही झाडता का, असं विचारलं तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग सांगितलं. दिवाळीनंतर आई तीनदा आल्या होत्या. आम्ही दोघं दिवसभर कामावर असलो की रिक्षाने स्टँडवर, एसटीने पेण, तिथून गाव, आणि मी घरी यायच्या आत परत. घराची एक चावी खालांकडे असायचीच. घर झाडायच्या, चहा करायच्या आणि बांधावर एक चक्कर मारायच्या. त्यातली एक संध्याकाळ मला आठवली. मी घरी आले तर आई गाढ झोपल्या होत्या, आणि मी दिनेशला म्हटलं होतं, बघ, घरात बसून एवढ्या दमतात, गावाला कशा पाठवायच्या?

"मी बोलले तिला, सुनेला सांग," खाला म्हणाल्या. "तर बोलली, आता नको, घाबरते ती. हळूहळू सवय लावीन तिला. शिमग्याला घेऊन येते, माझ्या मागून बांधावर चालू दे, मग तिची भीती जाईल."

शिमग्याला अजून तीन आठवडे आहेत. तोवर ते लुगडं मी गावच्या दांडीवर तसंच राहू दिलं आहे.