मागच्या ब्रेकचा नट

श्रीरंग खानविलकरांनी हवाई दलात बावीस वर्षं विमानांच्या देखभालीचं काम केलं. निवृत्त झाल्यावर ते साताऱ्याला परतले नाहीत, लखनौतच इंदिरा नगरात राहिले. घरच्या स्कूटरला त्यांनी कधी मेकॅनिकचा हात लागू दिला नाही. मुलगा संकेतची नोकरी सुटली, तेव्हापासून तर ती हौस उरली नाही, गरज झाली. घर चालायचं ते त्यांच्या पेन्शनवर आणि सून उत्कर्षाच्या पगारावर. ती गोमती नगरातल्या एका शाळेत शिकवायची आणि त्याच स्कूटरवरून जायची.

दर रविवारी श्रीरंग अंगणात पोतं पसरून बसत. प्लग पॉलिश पेपरनं घासायचा, एअर फिल्टर झटकायचा, ब्रेक आवळायचे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मागच्या ब्रेकची वायर आवळताना नट बोटांत सैल फिरला. आटे झिजले होते. बाजार दहा मिनिटांवर होता, पण एवढ्याशा नटासाठी काय जायचं? त्यांनी आट्यांवर दोऱ्याचे वेढे दिले आणि तोच नट पुन्हा बसवला. महिनाभर काही होत नाही, ते स्वतःशी म्हणाले. विमानावर असं कुणी केलं असतं, तर त्यांनीच त्याला साहेबापुढे उभं केलं असतं.

गुरुवारी सकाळी फोन आला. पुलाच्या उतारावर पुढची ई-रिक्षा थांबली आणि उत्कर्षा तिच्यावर जाऊन आदळली. स्कूटर तिच्या गुडघ्यावर पडली होती. इस्पितळात संकेत नुसता पेटला होता. "बाबा, उस रिक्शेवाले को मैं छोड़ूँगा नहीं. मध्येच ब्रेक मारला त्यानं!" रिक्षावाला रामसजीवन फाटकाशी हात जोडून उभा होता. "बाबूजी, हम तो सवारी उतार रहे थे," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. संध्याकाळी पोलिसांनी त्याची रिक्षा ठाण्यात नेऊन लावली.

शेजाऱ्यानं स्कूटर टेम्पोत घालून घरी आणली. श्रीरंग मागच्या चाकाशी उकिडवे बसले. नट नव्हताच. वायर मोकळी लोंबत होती.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले, नवा नट आणला आणि दार लावून घेऊन बसवला. पान्यावरचे डाग पुसताना आपण काय करतोय हे त्यांना पुरतं कळत होतं, तरी ते पुसत राहिले.

त्या रविवारी त्यांनी अंगणात पोतं पसरलं नाही. सोमवारी इस्पितळात संकेत औषधं आणायला खाली गेला, तेव्हा ते उत्कर्षाच्या खाटेशी बसले.

"चूक त्या रिक्षावाल्याची नाही," ते म्हणाले. "मागच्या ब्रेकचा नट झिजला होता. मला माहीत होतं."

उत्कर्षा छताकडे बघत होती. "मलाही माहीत आहे, बाबा. डाव्या हातचा, मागचा ब्रेक दाबला तर पोकळ लागला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलताय का, ते बघत होते. आज पाचवा दिवस आहे."

श्रीरंग उठले, तसेच ठाण्यात गेले आणि सगळं लिहून दिलं, नंतर बसवलेल्या नटासकट. हवालदारानं कागद वाचून एकदा त्यांच्याकडे, एकदा त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे बघितलं. "आप तो फ़ौजी आदमी हैं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी रिक्षा सुटली. श्रीरंग माफी मागायला गेले, तेव्हा रामसजीवननं मान वळवली आणि रिक्षा पुढे काढली.

संकेत त्यांच्यावर ओरडलासुद्धा नाही. "उस ग़रीब को मैंने गालियाँ दीं, बाबा," एवढंच म्हणाला, आणि त्यानंतर कामापुरतं बोलू लागला. स्कूटर विकून टाकली.

दोन ऑपरेशनं झाली, तरी उत्कर्षाचा गुडघा पूर्ण वाकत नाही. शाळेनं तिला पुन्हा घेतलं, पण वर्ग दुसऱ्या मजल्यावरचे होते, म्हणून कार्यालयात बसवलं. वर्गात मुलांना शिकवणं सुटलं, याबद्दल ती घरात अवाक्षर काढत नाही. श्रीरंगांना चहा देते, औषधाची आठवण करते, सगळं रीतसर.

दुपारी ती परतते. एक पाय उचलून, दुसरा ओढून घेत घरातला वरच्या खोलीचा जिना चढते. श्रीरंग खालच्या खोलीत पाठमोरे बसून एकेक पायरी ऐकतात. ती वर पोचून दार लोटेपर्यंत बाहेर येण्याचं धाडस त्यांना होत नाही.