तांब्याचं ठिगळ

जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने मला फसवलं. मोटरसायकल विकताना टाकीखालचं तांब्याचं ठिगळ दाखवून तो म्हणाला, "ही पहिल्या लॉटची खूण. थेट विलायती कारखान्यातली." घासाघीस करण्यात मी कुणाला हार जात नाही, तरी भुललो. वर्षभर खपून ती मोडकी गाडी चालती केली आणि ते ठिगळ मुद्दाम घासून चकचकीत ठेवलं.

त्याच गाडीवरून जाताना भूकंपग्रस्त भागातल्या सास्तूर गावी चहासाठी थांबलो, तर समोरच्या घराच्या ओट्यावरून एक म्हातारी उतरून जवळ आली. पदराला हात पुसून तिनं टाकीखाली बोटं घातली आणि खुदकन हसली.

"माझ्या देवाच्या तांब्याचा तुकडा हाय ह्यो. भूकंपात तांब्या चेपला, आमच्या मालकाच्या गाडीची टाकी फुटली. मालकानं तांब्या कापून त्याचा तुकडा टाकीला डाग दिऊन बसवला."

"आजी, ही विलायती खूण आहे!" मी तडकलो.

"व्हय, आमच्या चुलीम्होरंच हुती की विलायत! रंगवून आणतो म्हणून एकानं टाकी नेली, फिरकलाच न्हाय. मालक वाट बघत बघतच देवाघरी गेले."

तिनं टाकी मागितली नाही, नुसती पदराने पुसली. मी तिथंच ती उतरवून तिच्या ओट्यावर ठेवली आणि गाडी टेम्पोत घालून घरी आणली.

व्यापाऱ्या, माझं सोड. ही टाकी तुझ्या हाती कशी आली, ते सास्तूरला येऊन म्हातारीच्या तोंडावर सांग.