निळा तयार

निळूताई हे नाव आम्ही थिएटरवाल्यांनी ठेवलं. थिएटर म्हणजे सिनेमाचं नव्हे, डोळ्यांच्या ऑपरेशनचं. त्या तिथल्या सगळ्यात जुन्या सिस्टर. झग्याच्या बाहीवर एक तरी निळा ठिपका नाही असा त्यांचा दिवस मी पाहिलेला नाही, आणि दुपारनंतर त्या दमलेल्या नाहीत असाही नाही. पाय सुजायचे, कंबर धरायची. "बसा ना ताई" म्हटलं की म्हणायच्या, "बसले तर उठायला क्रेन मागवावी लागेल गं."

तो निळा ठिपका रंगाचा. डोळ्याच्या पडद्यावर एक पापुद्रा असतो. कांद्याचा पापुद्रा त्याच्यापुढे गोधडी वाटावी इतका पातळ, आणि वर पारदर्शक. पडद्याला मध्यभागी भोक पडलं तर ते मिटायला हा पापुद्रा सोलावा लागतो. आता न दिसणारी वस्तू सोलणार कशी? म्हणून डोळ्यात निळ्या रंगाचा थेंब सोडतात आणि लगेच ओढून घेतात. पापुद्रा तेवढा निळसर होतो, मग चिमट्यात धरता येतो. रंग जास्त वेळ राहिला तर मात्र पडद्यालाच बाधतो. त्यामुळे आमच्याकडे रीत अशी की डॉक्टरांनी "निळा?" विचारलं की देणारीने मोठ्याने "निळा तयार" म्हणायचं, आणि त्यांनी "निळा घेतला" म्हणेपर्यंत सिरिंज सोडायची नाही. मी नवीन असताना एकदा न बोलताच सिरिंज पुढे केली, तेव्हा ताईंनी सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने केली होती. "मूग गिळून यायचं तर घरी बस!"

त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, पाणीपुरवठ्याच्या पंपावर रात्रपाळीला. त्या घरात शिरायच्या तेव्हा ते निघायचे. "आमचा संसार म्हणजे किल्लीची देवाणघेवाण," ताई म्हणायच्या. आम्ही हसायचो. त्या हसत नसत.

मग एक दिवस सिरिंजवरच्या रेघा त्यांना मधेच वाकलेल्या दिसायला लागल्या. पुढे माणसांच्या चेहऱ्यांचा मधला भाग जायला लागला. "तुझ्या भाऊजींना नाकच उरलं नाही," त्यांनी मला सांगितलं, आणि थट्टा करता करता रडल्या. डावा डोळा लहानपणापासून अधू, आणि भोक पडलं होतं उजव्याला. सगळी मदार त्या एका डोळ्यावर.

ऑपरेशन मोठ्या डॉक्टरांनीच घेतलं. ताई टेबलावर, ताईंच्या जागी मी. आमच्याकडे डोळा बधिर करतात, माणूस जागाच असतो. चेहऱ्यावर कापड, फक्त डोळा उघडा. सगळं सुरळीत चाललं होतं. डॉक्टरांनी डोळ्यात घातलेला सुईएवढा दिवा सावरला आणि विचारलं, "निळा?"

मी तोंड उघडायच्या आत कापडाखालून खणखणीत आवाज आला, "निळा तयार!" आणि ताईंचा उजवा हात चादरीतून वर आला. हातामागोमाग मान हलली.

डॉक्टरांनी झटकन दिवा बाहेर काढला. ते बराच वेळ डोळ्यात बघत राहिले. "पडद्याच्या काठाला लागलंय," शेवटी म्हणाले. "तिथे लेझर करतो. मधलं आत्ता सांगता येणार नाही." मग हळू आवाजात, "सिस्टर, आज तुमची सुट्टी आहे ना?"

"मावशी, माझा हात धरून ठेवा," ताई आयामावशींना म्हणाल्या. आवाज पार खाली गेला होता. "तो माझं ऐकत नाही."

मावशींनी दोन्ही हातांनी हात धरला. मी "निळा तयार" म्हटलं, माझाच आवाज मला ओळखू आला नाही. डॉक्टरांनी निळा घेतला.

"निळं दिसतंय गं," कापडाखालून ताई पुटपुटल्या. "इतके पेशंट सांगायचे आणि मी म्हणायचे, काही नाही, पडून राहा."

पुढे डोळ्यात गॅस भरला. भोक मिटायचं तर तो गॅस पडद्यावर दाबून राहायला हवा, म्हणून मान खाली घालून राहायचं. जेवायचं तसंच, झोपायचं तसंच. मी फोन केला की भाऊजी सांगायचे, "पालथी आहे." त्यांनी रजा काढली होती आणि ताईंच्या तोंडाखाली जमिनीवर बसून त्यांच्याशी बोलायचे. इतकं बोलणं आमच्यात लग्नानंतर पहिल्यांदाच झालं, असं ताई नंतर म्हणाल्या.

गॅस विरतो तशी नजर वरून खाली मोकळी होत जाते. रोज सकाळी भाऊजी खिडकीशी उभे राहायचे. आधी कपाळ दिसलं, मग भुवया, मग डोळे. नाक दिसतं की तिथे पुन्हा पोकळीच, यावर सगळं ठरणार होतं. मी भेटायला गेले ती नेमकी ती सकाळ.

भाऊजी उजेडात उभे होते. नाकावर चष्मा, हात कुठे ठेवावे ते न कळून पाठीमागे बांधलेले. ताई खुर्चीत, डाव्या डोळ्यावर तळवा धरून.

"आलं," त्या म्हणाल्या. "नाक आलं."

मी टाळी वाजवली. भाऊजी हसले आणि चष्मा काढून पुसायला लागले. पण ताई बघतच राहिल्या. मला धास्ती वाटली. "काय झालं ताई? वाकडं दिसतंय का?"

"नाही गं, सरळ दिसतंय." "हे एवढे थकलेत, मला कधी दिसलंच नाही."

भाऊजींनी घाईघाईने चष्मा चढवला. "चहा टाकतो," म्हणाले आणि वळले.

"कुठे निघालात?" ताई म्हणाल्या. "बसा हो जरा. बघू द्या."