अळी आणि तिचं पान

आमच्या घरी पाहुण्यांच्या हातात चहाच्या आधी पत्रक पडायचं. मजकूर आईचा, झेरॉक्स बाबांच्या, घड्या माझ्या. अन्याय दिसला की लिहायचं आणि वाटायचं, एवढंच मी शिकले.

पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात एमएस करताना मला ग्रंथालयात जुनी चित्रं स्कॅन करायचं काम मिळालं. त्यात एक भलंमोठं पुस्तक आलं. काही शतकांपूर्वी एक बाई बोटीने उष्ण प्रदेशात गेली, डब्यांत अळ्या पाळल्या आणि त्या रंगवल्या. तेव्हाचे बरेच अभ्यासक टाचणीला टोचलेला मेलेला कीटक कोऱ्या कागदावर काढत. हिने अळी ज्या झाडावर जगते त्याच झाडावर दाखवली. शेजारी कोष, वर फुलपाखरू, आणि खाऊन चाळण झालेली पानं. कोण कशावर जगतं, हेच तिला सांगायचं होतं.

ही चित्रं ग्रंथालयाच्या वेबसाइटवर जाणार होती, आणि तिला ते चालत नव्हतं. एका चित्रात एकच जीव हवा. कीटक एका संग्रहात, झाडं दुसऱ्या. ते कापून वेगळं करायचं काम माझं.

वेबसाइटची सिस्टीम सांभाळणारे काका पुण्याचे. मी तावातावाने सगळं सांगितलं. डब्यातली पोळी माझ्यापुढे सरकवत त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझं बरोबर आहे गं," ते म्हणाले. "मीही वर सांगून पाहिलं. सिस्टीम बाहेरून आलीय, ती एका चित्राला दोन नावं घेतच नाही."

"मग निदान पुस्तक तरी लोकांना बघू द्या."

"बाइंडिंग सुटलंय. स्कॅन झालं की ते थंड खोलीत जाणार, कायमचं."

म्हणजे यापुढे जग बघणार ते मी कापलेलंच.

मी पत्रक काढलं. इंग्रजीत, चार परिच्छेद, कॉफी मशीनशेजारी गठ्ठा ठेवला. सगळ्यांनी वाचलं. आमच्या बॉसबाईंनी एक प्रत टेबलामागे लावली, मनापासून कौतुक केलं आणि शुक्रवारपर्यंत चित्रं होतील ना, असं विचारलं.

नागपूरची रूममेट भांडी घासत होती. तिला मी हे सांगितलं, तेव्हा तिने नळ बंद केला.

"यार, इथे तुझ्या विरोधात कोणी नाहीच आहे. भांडशील कोणाशी?"

मी फडकं घेऊन ओली भांडी पुसायला लागले.

शुक्रवारी कापायला बसले. एका हिरव्या अळीच्या तोंडात पानाचा कपटा होता. तो मी तसाच राहू दिला. तपासणीतून चित्र परत आलं: पार्श्वभूमी स्वच्छ करा. काकांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

मी कपटा खोडला. अळीचे पाय मात्र देठ धरल्यासारखे आवळलेलेच राहिले. त्याबद्दल कोणी काही म्हटलं नाही. चित्र पास झालं.