नवऱ्याले घेऊन ये

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता विसरलो आहे. झरी जामणी तालुक्यातले हे एक मात्र मनातून जात नाही.

ठाण्यात सकाळची हजेरी चालू असताना पोलीस पाटलाचा फोन आला. नाल्याकाठी मृत अर्भक सापडले होते. पंचनामा करून ते शवविच्छेदनाला पाठवले. दोन दिवसांनी खबर मिळाली, की रोपवाटिकेत मजुरी करणारी एक अविवाहित मुलगी आठवडाभर कामावर आलेली नाही. वय बावीस.

स्त्रीचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो. मी महिला हवालदाराला घेऊन वस्तीवर गेलो. बायकांनी बोलावले म्हणून तालुक्यातली एक कार्यकर्तीही आली होती. गर्भपाताचा बदललेला कायदा ती गावोगावी समजावून सांगत असे.

"बाप कोण?" मी तीनदा विचारले. मुलगी भिंतीकडे बघत राहिली. गप्प राहणारा काहीतरी लपवतो, असा माझा तीस वर्षांचा समज.

शेवटी हवालदार तिच्याजवळ जाऊन बसली. "पोरी, कोणापाशी मदत मागाले गेलती का तू?"

मुलीने ट्रंकेतून घडी घातलेला केसपेपर काढला. एका खासगी दवाखान्याचा, चौथ्या महिन्यातला.

"गेलती. नवऱ्याले घेऊन ये म्हणे. नवरा कुठून आणू?"

कायदा तोवर बदलला होता. अविवाहित असली तरी तिला गर्भपाताचा हक्क होता, आणि सज्ञान असल्याने तिची एकटीची संमती पुरेशी होती. कार्यकर्तीने कागद वाचला, त्यावरची तारीख पुन्हा बघितली.

"साहेब, साऱ्या गावांत सांगितलं मी. इथं एसटी येत नाही म्हणून इथली सभा दर वेळी पुढच्या महिन्यावर ढकलत गेले."

पुढे कित्येक महिने तिने एकही सभा घेतली नाही. मानसोपचार चालू आहेत, असे कानावर आले.

मूल मृतच जन्मल्याचा अहवाल आला. जन्म लपवल्याचा गुन्हा तेवढा उरला. दोषारोपपत्राला मी तो केसपेपर जोडला. न्यायालयाने मुलीला समज देऊन सोडले.

आता समन्स येणार नाही, हे सांगायला मी वस्तीवर गेलो. मुलगी खंगली होती. कोणाशी बोलत नाही, असे आई म्हणाली. माझ्याशी मात्र बोलली.

"तवा मले वापस पाठवलं, ते चूक होतं?"

"हो."

"मंग मले कोणी सांगितलं काहून नाही?"



नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायला बोलावतात, तेव्हा एवढेच सांगतो: अशा घरात गेलात, तर आधी ती मुलगी मदतीसाठी कोणाकडे गेली होती ते विचारा. कोणी परत पाठवले, तेही जबाबात लिहा. हे मला कळले, तेव्हा माझ्या निवृत्तीला एकच वर्ष उरले होते.